फॅन्टसी बास्केटबॉल ड्राफ्ट

फॅन्टसी बास्केटबॉल ड्राफ्ट ही काल्पनिक बास्केटबॉल लीगमधील संघमालकांनी ठरलेल्या क्रमाने, एकामागून एक खेळाडू निवडून आपापले संघ बांधण्याची पद्धत आहे. एकदा निवडलेला खेळाडू त्या लीगमधील दुसऱ्या कोणत्याही संघास घेता येत नाही, हे ड्राफ्टचे मुख्य लक्षण होय. ही पद्धत अमेरिकेतील व्यावसायिक क्रीडासंघटनांकडून काल्पनिक लीगमध्ये आली. प्रत्येक लीग आपल्या सभासदसंख्येनुसार व सोयीनुसार तिच्या नियमांत बदल करते. दुर्बल संघाला सावरण्याची संधी मिळावी, परंतु मुद्दाम हरणाऱ्याला बक्षीस मिळू नये, या दोन परस्परविरोधी अपेक्षांचा मेळ घालणे हा ड्राफ्टच्या नियमरचनेतील मध्यवर्ती प्रश्न आहे.

संज्ञा व व्याप्ती

फॅन्टसी लीगचे दोन प्रमुख प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात प्रत्यक्ष सामन्यांतील खेळाडूंच्या कामगिरीवरून काल्पनिक संघांना गुण मिळतात. बास्केटबॉलमध्ये सामान्यतः नऊ बाबी मोजल्या जातात: गुण, रिबाउंड, असिस्ट, स्टील, ब्लॉक, तीन गुणांच्या यशस्वी फेकी, मैदानी फेकींची टक्केवारी, फ्री थ्रोची टक्केवारी आणि चेंडू गमावण्याच्या चुका. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे सिम्युलेशन लीगमध्ये, खेळाडूंची आकडेवारी संगणक-प्रणालीस अथवा पत्ते व फाशांच्या खेळास पुरवली जाते आणि सामने त्या प्रणालीतच खेळवले जातात. त्यामुळे निवृत्त वा दिवंगत खेळाडूही एकाच संघात आणता येतात.

भारतात ‘फॅन्टसी’ या नावाने परिचित झालेला खेळ बहुधा यांहून वेगळा असतो. मुंबईत २००८ मध्ये स्थापन झालेल्या ड्रीम११ या कंपनीच्या क्रिकेटच्या खेळात प्रत्येक सहभागी १०० क्रेडिटच्या मर्यादेत स्वतंत्रपणे अकरा खेळाडू निवडत असे. तेथे एकच खेळाडू हजारो जणांच्या संघांत असू शके. त्यामुळे त्यास ड्राफ्ट म्हणता येत नाही. ड्राफ्टमध्ये एकाने खेळाडू घेतला की इतरांचा पर्याय संपतो, म्हणूनच क्रमाला महत्त्व येते.

पार्श्वभूमी

खेळाडूंचे समतोल वाटप करण्याची गरज मैदानी खेळांत पूर्वापार आहे. महाराष्ट्रात मुलांच्या कबड्डी, खो-खो, विटीदांडू अशा खेळांत दोन म्होरके आळीपाळीने गडी निवडतात; हे ड्राफ्टचेच साधे रूप आहे. दुसरी रूढ पद्धत जोड्यांची आहे. साधारण सारख्या ताकदीचे दोन खेळाडू बाजूला जाऊन ‘चंद्र’ आणि ‘सूर्य’ यांसारखी गुप्त नावे घेतात आणि म्होरक्यासमोर येऊन त्याला एक नाव निवडण्यास सांगतात. येथे निवड आंधळी असते; समतोल जोडी लावतानाच साधलेला असतो. अगदी लहान मुलाला ‘लिंबूटिंबू’ म्हणून कोणत्याही बाजूच्या हिशेबात न धरता खेळू देण्याचा रिवाजही याच समतोलासाठी आहे.

याउलट औपचारिक स्पर्धांत संघ बहुधा शाळा, गाव, तालुका किंवा जिल्हा या भौगोलिक ओळखीवर उभे राहतात. गडचिरोली जिल्ह्यात पोलीस दलाने आदिवासी युवकांसाठी भरवलेल्या कबड्डी व व्हॉलीबॉल स्पर्धांतही संघ त्या त्या परिसराचे असतात. अशा रचनेत खेळाडू आणि संघ यांचे नाते जन्माने वा निवासाने ठरते, त्यामुळे वाटपाचा प्रश्न उद्भवत नाही. मात्र मोठी लोकसंख्या वा चांगले मैदान लाभलेल्या गावाचे वर्चस्व टिकून राहू शकते. ड्राफ्ट हे नाते तोडून सर्व खेळाडूंचा एकच संच मानतो.

इतिहास

व्यावसायिक ड्राफ्टची सुरुवात अमेरिकन फुटबॉलमध्ये झाली. फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांनी १९३५ मध्ये मांडलेल्या प्रस्तावानुसार नॅशनल फुटबॉल लीगचा पहिला ड्राफ्ट फेब्रुवारी १९३६ मध्ये झाला. मागील हंगामात तळाला राहिलेल्या संघाने प्रथम निवड करावी, हे त्याचे सूत्र होते. पहिली निवड ठरलेले जे बर्वँगर त्या लीगमध्ये एकदाही खेळले नाहीत.

बास्केटबॉलमध्ये आजच्या नॅशनल बास्केटबॉल असोसिएशनच्या (एनबीए) पूर्वसूरी संघटनेने १९४७ मध्ये पहिला ड्राफ्ट घेतला. १९६५ पर्यंत ‘प्रादेशिक निवड’ ही सवलत होती. पहिल्या फेरीतील आपला हक्क सोडून संघाला परिसरातील महाविद्यालयाचा खेळाडू थेट घेता येई. १९६६ ते १९८४ या काळात दोन विभागांतील तळाच्या संघांमध्ये नाणेफेक करून पहिली निवड ठरे. ह्यूस्टन रॉकेट्सला १९८३ व १९८४ अशी सलग दोन वर्षे पहिली निवड मिळाल्यावर संघ मुद्दाम हरत असल्याचा संशय व्यक्त होऊ लागला आणि १९८५ पासून सोडत सुरू झाली. पहिल्या सोडतीत बाद फेरी न गाठलेल्या सातही संघांना समान संधी होती. न्यू यॉर्क निक्सला पहिला क्रमांक मिळून त्यांनी पॅट्रिक युइंगला घेतले. सर्वांत वाईट कामगिरी करणाऱ्या संघांपैकी असलेला गोल्डन स्टेट वॉरियर्स मात्र सातव्या क्रमांकावर गेला. पाकिटे काढण्याच्या त्या सोडतीबाबत पुढे अनेक वर्षे शंका घेतल्या गेल्या.

त्यानंतरचे बदल एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिले. १९९० मध्ये भारित सोडत आली. अकरा संघांत ६६ संधी वाटल्या गेल्या. तळाच्या संघाला ११ आणि सर्वांत वरच्याला १. तरीही १९९३ मध्ये ४१ विजय व ४१ पराभव अशी कामगिरी असलेल्या ऑर्लँडो मॅजिकला ६६ पैकी एका संधीवर पहिली निवड मिळाली. त्यामुळे १९९४ पासून तळाच्या संघाची शक्यता २५ टक्क्यांवर नेण्यात आली. चौदा चेंडूंतून चार काढण्याचे १,००१ संयोग होतात. त्यांतील एक वगळून उरलेले १,००० संयोग संघांत वाटण्याची रीत तेव्हापासून रूढ झाली. या उदार शक्यतेचा उलट परिणामही दिसला. फिलाडेल्फिया सेव्हन्टीसिक्सर्सने भावी निवडींवर भर देत २०१३-१४ ते २०१५-१६ या तीन हंगामांतील २४६ सामन्यांपैकी केवळ ४७ जिंकले. २०१९ पासून तळाच्या तीन संघांना प्रत्येकी १४ टक्के अशी समान शक्यता देण्यात आली आणि सोडतीने पहिले चार क्रमांक ठरू लागले. २०२५ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सला १.८ टक्के शक्यतेवर पहिला क्रमांक मिळाला.

काल्पनिक लीगमध्ये ड्राफ्ट १९६०च्या दशकात आला. ओकलंड येथे बिल विंकनबाक व सहकाऱ्यांनी स्थापलेल्या फुटबॉल लीगचा पहिला ड्राफ्ट १९६३ मध्ये झाला. १९८० मध्ये डॅनियल ओक्रेंट व त्यांच्या मित्रांनी न्यू यॉर्कमधील एका उपाहारगृहाच्या नावावरून ‘रोटिसरी’ बेसबॉल लीग सुरू केली. तिने ड्राफ्टऐवजी २६० डॉलरच्या मर्यादेतील लिलाव स्वीकारला. सिम्युलेशनची परंपरा याहून जुनी असून अमेरिकेतील एपीबीए (१९५१) व स्ट्रॅट-ओ-मॅटिक (१९६१) हे बेसबॉलचे खेळ तिचे आरंभीचे नमुने होत.

निवडक्रमाचे प्रकार

सरळ ड्राफ्ट: प्रत्येक फेरीत तोच क्रम राहतो. आठ संघांच्या लीगमध्ये पहिल्या संघास १, ९, १७ आणि आठव्यास ८, १६, २४ या निवडी मिळतात. प्रत्येक फेरीत पहिल्या संघाचा लाभ वाढत जातो. सर्व संघ नव्याने बांधायचे असतील तेव्हा ही पद्धत अन्यायकारक ठरते. मात्र जुने संघ कायम असून फक्त नवोदितांची निवड करायची असेल तर तळाच्या संघाला सावरण्यासाठी हीच वापरतात.

नागमोडी ड्राफ्ट: प्रत्येक फेरीनंतर क्रम उलटतो. आठ संघांत पहिल्यास १, १६, १७, ३२ आणि आठव्यास ८, ९, २४, २५ या निवडी येतात. फॅन्टसी लीगमध्ये ही पद्धत सर्वाधिक रूढ आहे.

तिसरी फेरी उलट: नागमोडी पद्धतीत तिसरी फेरी पुन्हा शेवटच्या संघापासून सुरू करतात. पहिल्या संघाच्या निवडी १, १६, २४, २५ आणि आठव्याच्या ८, ९, १७, ३२ अशा होतात. एखादाच खेळाडू इतरांहून फार वरचढ असेल तेव्हा पहिल्या क्रमांकाचा अतिरिक्त लाभ या पद्धतीने कमी होतो. बास्केटबॉलमध्ये एका वेळी पाचच खेळाडू मैदानात असल्याने एका श्रेष्ठ खेळाडूचा प्रभाव मोठा असतो आणि म्हणून ही सुधारणा तेथे विशेष उपयुक्त मानली जाते.

लिलाव: प्रत्येक संघाला समान रक्कम देऊन बोली लावली जाते. कोणताही खेळाडू घेण्याची संधी सर्वांना समान मिळते; परंतु वेळ अधिक लागतो आणि अनुभवी सभासदांना फायदा होतो.

भारतातील ड्राफ्ट

भारतीय व्यावसायिक लीगमध्ये लिलाव अधिक प्रचलित असला, तरी ड्राफ्टची काही महत्त्वाची उदाहरणे आहेत. इंडियन प्रीमियर लीगच्या पहिल्या हंगामापूर्वी, २००८ मध्ये, एकोणीस वर्षांखालील खेळाडूंचे वाटप ड्राफ्टने झाले. दिल्लीने प्रदीप संगवानला आणि बंगळूरने विराट कोहलीला घेतले. इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेनेही २०१४ मध्ये पहिल्या हंगामासाठी भारतीय खेळाडूंचा ड्राफ्ट मुंबईत घेतला.

डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नई सुपर किंग्स व राजस्थान रॉयल्स या निलंबित संघांचे खेळाडू पुणे व राजकोट येथील नव्या संघांत वाटण्यासाठी झालेला ड्राफ्ट सरळ पद्धतीचा होता. पुण्याने महेंद्रसिंह धोनी, अजिंक्य रहाणे, रविचंद्रन अश्विन, स्टीव्ह स्मिथ व फाफ डू प्लेसी यांना, तर गुजरात लायन्सने सुरेश रैना, रवींद्र जडेजा, ब्रेंडन मॅक्युलम, जेम्स फॉकनर व ड्वेन ब्राव्हो यांना घेतले. पाच निवडींसाठी अनुक्रमे १२.५, ९.५, ७.५, ५.५ व ४ कोटी रुपये असे दर ठरलेले होते. पुण्याला १, ३, ५, ७, ९ आणि गुजरातला २, ४, ६, ८, १० या पाळ्या मिळाल्या. त्यांच्या क्रमांकांची बेरीज २५ व ३० होते. नागमोडी क्रम ठेवला असता तर ती २७ व २८ झाली असती. प्रत्यक्षात २०१६ च्या साखळी फेरीत गुजरात अव्वल, तर पुणे सातव्या स्थानी राहिला. निवडक्रमाचा लाभ ही केवळ संधी असते, निकालाची हमी नव्हे, हे या उदाहरणातून दिसते.

अल्टिमेट खो-खो या लीगनेही २०२२ मध्ये लिलावाऐवजी ड्राफ्ट स्वीकारला. खेळाडूंच्या चार श्रेणी करून प्रत्येक श्रेणीचे मानधन आधीच ठरवण्यात आले आणि सहा संघांनी त्यांतून निवड केली. पहिला हंगाम पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात झाला. अंतिम सामन्यात ओडिशा जगरनॉट्सने तेलुगू योद्धाजचा ४६-४५ असा पराभव केला.

एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला भारतात जन्मलेला पहिला खेळाडू पंजाबचा सतनाम सिंग भामरा होय. डॅलस मॅव्हरिक्सने २०१५ मध्ये त्याला ५२ व्या क्रमांकावर घेतले.

सिम्युलेशन लीगसाठी नियमरचना

खेळाडूसंच: कोणते खेळाडू उपलब्ध आहेत आणि त्यांची कोणत्या हंगामाची आकडेवारी धरायची, हे प्रथम निश्चित करावे लागते. मायकेल जॉर्डनची सरासरी १९८६-८७ मध्ये सामन्यामागे ३७.१ गुण, तर २००१-०२ मध्ये २२.९ गुण होती. नाव एकच असले तरी सिम्युलेशनच्या दृष्टीने हे दोन वेगळे खेळाडू आहेत. सर्वकालीन ड्राफ्टमध्ये आणखी एक अडचण येते. एनबीएमध्ये स्टील व ब्लॉक यांची अधिकृत नोंद १९७३-७४ पासून होते आणि तीन गुणांची फेक १९७९-८० मध्ये आली. त्यामुळे १९६१-६२ मध्ये सरासरी ५०.४ गुण नोंदवणाऱ्या विल्ट चेंबरलेनच्या ब्लॉकची नोंदच नाही. अशा रिकाम्या जागा शून्य धरायच्या, अंदाजाने भरायच्या की त्या काळातील खेळाडू वगळायचे, हा निर्णय ड्राफ्टपूर्वी घेतला नाही तर निवड झाल्यावर वाद होतात.

संघरचना: गार्ड, फॉरवर्ड व सेंटर यांची किमान संख्या ठरवल्यास एकाच संघाने सर्व उंच खेळाडू अडवून ठेवण्यास आळा बसतो. एकूण मानधनाची मर्यादा ठेवल्यास ड्राफ्ट व लिलाव यांचा मिलाफ होतो.

सोडत: समजा, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील चंद्रपूर, वरोरा, मूल, राजुरा, गडचिरोली, अहेरी, सिरोंचा व भामरागड या तालुक्यांच्या नावांनी आठ संघांची लीग आहे आणि चार संघ बाद फेरीत जातात. उरलेल्या चार संघांना तळापासून ४, ३, २, १ अशा दहा चिठ्ठ्या दिल्यास पहिल्या निवडीची शक्यता ४०, ३०, २० व १० टक्के होते. मुद्दाम हरण्याचा मोह कमी करायचा असल्यास ३, ३, २, २ असे वाटप करता येते. तेव्हा शेवटच्या दोन संघांची शक्यता समान असल्याने सातव्याहून आठवे येण्यात पहिल्या निवडीपुरता काहीच लाभ उरत नाही. केवळ पहिला क्रमांक चिठ्ठीने काढून बाकीचे उलट गुणक्रमाने लावल्यास तळाचा संघ दुसऱ्या क्रमांकाखाली जात नाही. सोडत सर्वांसमक्ष काढणे आवश्यक ठरते. समान मते पडलेल्या ग्रामपंचायत निवडणुकीतील ईश्वरचिठ्ठी उमेदवारांसमोर काढली जाते, त्यामागेही हेच तत्त्व आहे.

वेळमर्यादा: एकत्र बसून घेतलेल्या ड्राफ्टमध्ये प्रत्येक निवडीला एक-दोन मिनिटे देतात. सभासद दूरदूर असतील तर हाच नियम अन्यायाचा ठरू शकतो. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, तसेच जंगलव्याप्त भागात मोबाइलचे जाळे विरळ असते. अशा ठिकाणच्या सभासदाने दोन मिनिटांत उत्तर न दिल्याने निवड गमावली, तर पराभव त्याच्या कौशल्याचा नसून नियमाचा असतो. त्यावर तीन उपाय वापरले जातात: प्रत्येक निवडीला काही तास देणारा संथ ड्राफ्ट, पसंतीक्रमाची यादी आधीच देऊन तिच्यातील पहिला शिल्लक खेळाडू आपोआप मिळण्याची सोय, आणि वेळ चुकली तरी संपर्क होताच उरलेल्या खेळाडूंतून निवड करण्याचा कायम हक्क.

राखीव खेळाडू: लीग अनेक हंगाम चालणार असल्यास काही खेळाडू पुढच्या वर्षासाठी राखता येतात. खेळाडू ज्या फेरीत घेतला होता, तिच्या आधीच्या फेरीतील निवड त्याबदल्यात सोडावी लागणे हा प्रचलित नियम आहे. राखण्यास वर्षांची मर्यादा नसेल तर पहिल्या ड्राफ्टचा निकाल कायमचा होऊन बसतो आणि नवीन सभासदास स्पर्धेत स्थान उरत नाही.

निवडींची देवाणघेवाण: भावी निवडी विकण्यास मोकळीक दिल्यास एखादा मालक संघ पोकळ करून लीग सोडून जाऊ शकतो. एनबीएमध्ये १९८०च्या दशकाच्या आरंभी क्लीव्हलँड कॅव्हेलियर्सचे मालक टेड स्टेपियन यांनी पहिल्या फेरीच्या अनेक निवडी देऊन टाकल्या. त्यानंतर लागोपाठच्या दोन भावी वर्षांत पहिल्या फेरीतील निवडीविना राहण्यास संघांना मनाई करण्यात आली. हा नियम स्टेपियन यांच्याच नावाने ओळखला जातो आणि अनेक काल्पनिक लीग त्याचे अनुकरण करतात.

नियमबदल: बदल चालू हंगामात लागू न करता पुढील हंगामापासून करणे आणि त्यासाठी ठरावीक बहुमत ठेवणे ही सर्वसाधारण रीत आहे. आपला क्रमांक कळण्यापूर्वी केलेल्या नियमात स्वार्थाला जागा कमी राहते. त्यामुळे नियम आधी व सोडत नंतर हा क्रम पाळला जातो. लीगचा आयुक्त स्वतःही संघमालक असल्यास वादाचा निवाडा त्रयस्थ सभासदाकडे सोपवतात.

कायदेशीर स्थिती

भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झालेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. त्यानंतर ड्रीम११सह अनेक कंपन्यांनी सशुल्क स्पर्धा बंद केल्या. कायद्याचा रोख पैसे भरून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे. मित्रमंडळींत विनामूल्य खेळली जाणारी, केवळ मानासाठीची सिम्युलेशन लीग त्याहून भिन्न स्वरूपाची असते.

टीका

प्रत्यक्ष व्यावसायिक खेळात ड्राफ्टमुळे खेळाडूला आपला संघ व शहर निवडता येत नाही, हा प्रमुख आक्षेप आहे. अमेरिकेतील महिला फुटबॉल लीगने २०२४ मध्ये खेळाडूसंघटनेशी झालेल्या करारानुसार ड्राफ्ट रद्द केला. काल्पनिक लीगमध्ये हा आक्षेप लागू होत नाही, कारण तेथे खेळाडू म्हणजे केवळ आकडेवारी असते. पण तेथील सभासद मात्र खरे असतात. सलग हरणाऱ्या सभासदाचा उत्साह मावळला आणि त्याने संघ वाऱ्यावर सोडला, तर उरलेल्यांच्या सामन्यांनाही अर्थ उरत नाही. म्हणून लहान लीगमध्ये तळाच्या संघाला मदत करणारा नियम ही दया नसून लीग टिकवण्याची गरज मानली जाते. दुसरीकडे, अशी मदत अति झाल्यास मेहनतीने संघ बांधणाऱ्यास शिक्षा होते, असाही आक्षेप घेतला जातो.

हेही पहा

बास्केटबॉल
नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन
इंडियन प्रीमियर लीग
अल्टिमेट खो-खो
रायझिंग पुणे सुपरजायंट